उजनीवर गळाने चिलापी: जानेवारीतली एक सकाळ

जानेवारीत उजनी धरणावर चिलापी (तिलापिया) धरायला जायचं तर झुंजुमुंजू होताना काठ गाठायची घाई करू नका. चिलापी हा उबदार पाण्याचा मासा. रात्रभर गारठलेल्या उथळ पाण्यात तो तोंडही उघडत नाही. भिगवणजवळच्या काठावर आम्ही दोघं पावणेसातला गळ टाकून बसलो आणि सव्वाआठपर्यंत तरंगा (चावा दाखवणारी पाण्यावरची खूण) हललासुद्धा नाही. उन्हाने काठचं पाणी जरा कोमट झालं तेव्हा खरी सुरुवात झाली. साडेआठ ते साडेदहा एवढाच काय तो कामाचा वेळ. साडेदहाच्या पुढे वारा सुटतो आणि मग लाट कुठली, चावा कुठला, ते कळत नाही.

पुण्याहून सोलापूर महामार्गाने भिगवण साधारण १०० किलोमीटर. सहाला निघालं तरी पुरतं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. पावसाळ्यानंतर पाणी बहुधा तुडुंब असतं. मग कालव्यांना आणि नदीत सोडायला सुरुवात झाली की काठ मागे सरकत जातो. म्हणजे गेल्या महिन्याची चांगली जागा या महिन्यात कोरडी असू शकते. बसायच्या आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. मासेमारीचे हक्क, परवाना आणि कुणाची जाळी कुठे लावली आहेत, हे त्यांच्याकडूनच कळतं. पाण्यावर रांगेत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा आणि तिथून लांब बसा.

मागे हटलेल्या पाण्याकाठचा गाळ फसवा असतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत. पुढे काठी रोवून पाहायची, ती वीतभर सहज गेली तर तिथे पाऊल नको. मुरमाड किंवा खडकाळ जागा शोधावी. चिलापीही तिथे असते.

साहित्य थोडंच लागतं. दहा-बारा फुटी कळकाची काठी, तेवढ्याच लांबीचा ०.२० मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ८ किंवा १० नंबरची गरी (आमिष लावायचा आकडा), शिशाचा एक छोटा मणी आणि तरंगा. तरंग्याला ज्वारीच्या वाळक्या धाटाचा बोटभर तुकडा उत्तम. चिलापीचं तोंड लहान असतं, त्यामुळे मोठी गरी लावली की आमिष कुरतडून जातं आणि मासा काही लागत नाही. शिसं गरीच्या वर चार बोटं. गरीच्या नेढ्यातून तंगूस ओवून त्याला पाच पीळ द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फासातून काढायचं आणि थुंकीने ओलं करून मगच आवळायचं. कोरडी गाठ ओढली की घासून तंगूस कमजोर होतो आणि ऐन वेळी तिथेच तुटतो.

आमिषाला एक वाटी कणीक, दोन चमचे शेंगदाणा पेंडीची पूड आणि चिमूटभर विंचरलेला कापूस. पाणी अगदी थोडं, भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट. कापसाचे धागे नसतील तर गोळी दोन मिनिटांत विरघळते आणि तुम्ही रिकाम्या गरीपाशी बसून राहता. गोळी वाटाण्याएवढीच हवी. गांडूळ लावलंत तर अर्ध्या इंचाचा तुकडा, लोंबतं टोक नको.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली. गरीला जड शिसं अडकवून आधी तळ मोजून घ्यायचा आणि आमिष तळापासून वीतभर वर राहील असा तरंगा सरकवायचा. दोघं असण्याचा खरा फायदा इथे होतो: एकाने दोन फूट पाण्यात टाकायचं, दुसऱ्याने पाच फुटांत. आम्हाला पहिला चावा खोल पाण्यात मिळाला, नऊनंतर सगळे दोन-तीन फुटांत. ज्याला लागेल त्याची खोली दुसऱ्याने लगेच धरायची.

चावा ओळखायला सवय लागते. तरंगा आधी दोनदा थरथरतो, तेव्हा अजिबात ओढायचं नाही. मासा आमिष नुसतं चाखतो आहे. मग तरंगा तिरका सरकू लागतो किंवा पाण्यावर आडवा पडतो. त्या क्षणी नुसत्या मनगटाने झटका. हात खांद्यापासून उचलला की ओठ फाटून मासा सुटतो. खाली बुडालेल्या बाभळींचे खुंट आहेत, गरी अडकली तर काठीने ओढू नका, काठी मोडेल. तंगूस हाताला कापड गुंडाळून सरळ रेषेत ओढावा.

मासा धरताना पाठीच्या काट्यांची काळजी घ्या. तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवत काटे मिटवायचे, मग मूठ आवळायची. गरी घशात गेली असेल तर उकरू नका, तंगूस कापा. बोटभर पिल्लं आणि तोंडात अंडी धरलेली मादी दिसली तर परत सोडा.

साडेदहापर्यंत अकरा चिलाप्या, बहुतेक पाव किलोच्या आतबाहेर. भीमेला पुण्याकडून येणारं सांडपाणी मिळतं, म्हणून पोटातलं काही खाऊ नये. पोट चिरल्यावर आत काळा पडदा दिसतो, तो मिठाने घासून पूर्ण काढायचा. राहिला तर वास येतो. मग मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून मासा अर्धा तास ठेवायचा.

निघताना तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करा. याच काठावर थंडीत रोहित पक्षी उथळ पाण्यात चालत चरतात, आणि पायात गुंडाळलेला तंगूस त्यांना स्वतःहून सोडवता येत नाही. गुंता झालेला तंगूस जाळू नका, बारीक कापून पिशवीत भरून घरी न्या.