विलोची किटली : सहावं पोटीस आणि तांबूस रेषा

काल रात्री किटलीवरचं सहावं पोटीस (डाग ओढून घ्यायला लावलेला औषधी कापूस) सोडलं आणि मटकन खाली बसलो. किटलीचं पोट पांढरंशुभ्र, पण तोटीच्या मुळाशी तांबूस रेषांचं जाळं होतं तसंच!

2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागात फडताळासकट बुडालेली हीच ती विलो, म्हणजे निळ्या विलो-झाडाच्या नक्षीची किटली. बोन चायना असती तर निभावलं असतं, हे अर्दनवेअर, म्हणजे कमी आचेवर भाजलेली माती. झिलईला केसाएवढ्या भेगा, आत सच्छिद्र माती, त्यामुळे कृष्णेचं गढूळ पाणी आतपर्यंत मुरलं.

आठ दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली, पाणी रोज बदललं. (बॅटरीच्या दुकानातला कॅन घ्या, स्वस्त पडतो.) मग 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात भिजवलेला कापूस, वरून प्लास्टिक. चहाचे जुने डाग तिसऱ्याच पोटिसाला गेले. घरातल्या ब्लीचच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नका. त्याचे क्षार भेगांत राहतात आणि सुकताना झिलईचे टवके काढतात.

आज सकाळी भिंगाखाली त्या रेषा बघताना डोक्यात प्रकाश पडला. हा चहा नाहीच, हा गंज! गाळातलं लोह. पेरॉक्साइड टॅनिनचा, म्हणजे चहातल्या तुरट द्रव्याचा रंग घालवतं, गंजाचं काही करत नाही. तीन पोटिसं फुकट गेली. लगेच लिंबूसत्ताचं 5 टक्के द्रावण करून झाकणाच्या आतल्या कडेला लावलं. चार तासांत तिथली एक रेष फिकी झाली! विलोची निळाई झिलईखाली असल्यामुळे तिला धक्का नाही. सोनेरी काठाच्या कपांवर हे करू नका.

त्याच झाकणाचं बारीक भोक गाळाने बुजलं होतं. सुईने मोकळं केलं, पाणी भरून ओतलं, तर गचके न खाता एकसंध धार. हवा आत जायला ते भोक लागतंच. कानाजवळ नक्षीचा जोडही सापडला: कुंपणाची एक पट्टी दुसरीवर चढलेली. तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर छापून तो कागद हाताने चिकटवायचे, त्या हाताची ही खूण. असा जोड दिसला की मला भांडं जास्तच आवडतं.

मिरजेहून साखरेचं भांडंही आलंय. तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता तेव्हाचं, 1952 पर्यंतचं. फोटो नंतर टाकतो.

आता तोटी. तिच्या बाकावर कापूस टिकत नाही, ओघळतो. उद्या कागदाचा लगदा करणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: चायना ग्रास (अगर-अगर)! जेली बाकावर नीट बसेल, ओल धरेल, वडीसारखी सोलून निघेल. गणपती पेठेत किराण्याच्या दुकानात मिळतंच. आधी नुसत्या पाण्यात विरघळवायचं आणि कोमट झाल्यावर लिंबूसत्त घालायचं. आम्लासकट उकळलं तर जेली धरत नाही. चायना ग्रास 2 टक्के घेऊन सुरुवात करतो. कुणी 3 टक्क्यांची जेली तोटीवर वापरली असेल तर उद्या संध्याकाळच्या आत सांगा.