टेपवरची गीता

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी आठवला तो संस्कृतच्या बाईंचा टेपरेकॉर्डर. मार्गशीर्ष सुरू झाला की बाई तो वर्गात आणायच्या. गीता जयंतीला पाठांतर स्पर्धा असायची. बारावा आणि पंधरावा अध्याय, प्रत्येकी वीस श्लोक. कॅसेट लता मंगेशकरांची होती, संगीत पं. हृदयनाथांचे.

गीतेला सिनेमातला आवाज कशाला, असे गावातल्या काही वडीलधाऱ्यांना वाटे. बाईंचे म्हणणे वेगळे होते आणि मला ते आजही पटते. पार्श्वगायकाला मायक्रोफोनसमोर उभे राहावे लागते. ‘भ’ किंवा ‘ध’चा श्वास जास्त लागला तर तो फटकारा ध्वनिमुद्रणात उतरतो, आणि कमी लागला तर शब्दच पुसट होतो. अक्षर न् अक्षर तोलून टाकायची सवय तिथे अंगी लागते. शिवाय लताबाईंनी ही मेहनत भाषेसाठी आधीच केलेली. उमेदवारीच्या काळात दिलीपकुमारांनी त्यांच्या उर्दूला मराठी वळण असेल अशी शंका बोलून दाखवली, तेव्हा त्या मौलवींकडे उर्दू शिकल्या. उर्दूसाठी घडवलेला तो कान संस्कृतलाही उपयोगी पडला असणार, असे बाई म्हणत.

आम्ही पोरे ‘सर्वत्रगमचिन्त्यं च’ वाचताना ‘सर्वत्र’ म्हणून थांबायचो आणि ‘गमचिन्त्यं’ असा न असलेला शब्द तयार करायचो. बाई टेप थांबवायच्या, फळ्यावर पदच्छेद लिहायच्या, ‘सर्वत्रगम्, अचिन्त्यम्’, आणि तीच ओळ पुन्हा लावायच्या. ‘अव्यक्तासक्तचेतसाम्’चेही तसेच. अर्थ कळल्याशिवाय श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा त्या टेपने आम्हाला जास्त शिकवले. पंधराव्या अध्यायात तर कसोटीच. पहिला श्लोक अनुष्टुभ, आठ-आठ अक्षरांचा. तिथे रुळतो न रुळतो तोच ‘अधश्चोर्ध्वं प्रसृतास्तस्य शाखा’ येते, अकरा अक्षरांचा चरण, आणि छाती अपुरी पडते. दुसऱ्या ते पाचव्या श्लोकापर्यंत हीच चढण. पुढे ‘सर्वस्य चाहं हृदि सन्निविष्टो’ला ती पुन्हा भेटते. स्पर्धेत बहुतेक मुले तिथेच अडखळायची.

मग १९८८ च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले. महेंद्र कपूरांच्या खड्या आवाजात ‘यदा यदा हि धर्मस्य’ घुमले आणि चौथ्या अध्यायातले ते श्लोक, न शिकवता, पाचवीतल्या मुलांनाही पाठ झाले. बाईंना केवढा आनंद झाला होता! फक्त विसर्ग नीट ऐका, एवढेच त्या बजावायच्या.

हिंदीच्या सरांकडे मुकेशने गायलेले तुलसीरामायण होते. सोळा मात्रांची चौपाई आणि तेरा-अकराचा दोहा, हे मात्रा मोजून शिकायच्या आधी मी मुकेशच्या आवाजातून शिकलो. तो कुठेही तान घेत नाही, हरकत दाखवत नाही. शेजारच्या घरात कुणीतरी पोथी वाचत असावे, तसा म्हणतो. मला स्वतःला, अगदी खरे सांगायचे तर, त्याच्या चित्रपटगीतांपेक्षा हे गाणे जवळचे आहे. २७ ऑगस्ट १९७६ ला अमेरिकेत, डेट्रॉइटला, कार्यक्रमाच्या दौऱ्यावर असताना तो गेला. आम्ही ऐकत होतो तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षे उलटली होती, तरी सर त्याच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलायचे.

आज माझी मुलगी पुण्यात मोबाइलवर स्तोत्रे ऐकते. गाणारे पुष्कळ आहेत, वाद्यमेळही मोठा असतो, पण जोडाक्षरे त्याच्याखाली दबून जातात. याचे मला खरोखर वाईट वाटते.

म्हणून संस्थेला एक विनंती. गीता पाठांतर स्पर्धा अजून होते असे कळले. तिच्यात पाठांतराच्या बक्षिसाबरोबर केवळ शुद्ध उच्चारासाठी वेगळे बक्षीस असावे, आणि ते संस्कृतच्या बाईंच्या नावाने दिले जावे. रक्कम आमची तुकडी दरवर्षी पाठवील. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. येत्या गीता जयंतीपासून सुरुवात करता येईल.