ताकदीची पावडर

आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी बरणी आहे, लहानपणी दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीची. आता तिच्यात हरभऱ्याची डाळ असते पण लेबल अजून पूर्ण निघालेलं नाही, उंची मोजणारा तो मुलगा अर्धा दिसतो. आई त्या पावडरीला ताकदीची पावडर म्हणायची. माझी उंची पाच फूट तीन इंच, सोडा तो विषय.

परवा भाच्यासाठी आई तसलीच नवीन बरणी घ्यायला निघाली, म्हटलं थांब, आणि दुकानात उभं राहून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून मागचं बारीक अक्षर वाचलं. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, जे जास्त ते आधी, आणि इथे दुसऱ्याच नंबरला साखर, पुढे लिक्विड ग्लुकोज म्हणजे तिचीच चुलतबहीण. पुढच्या बाजूला मात्र व्हिटॅमिनं आणि वाढ. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढा, कारण 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाचा प्रकारच नाही. म्हणजे आमचं अख्खं बालपण कायद्यात न बसणारं पिण्यात गेलं! त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्यापिण्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ज्यूसवाल्यांना पण '100 टक्के फळांचा रस' पुसायला लावलं, कारण आत आटवलेल्या रसात परत पाणी घातलेलं.

पण गंमत सांगू का, बऱ्याचदा लिहिलेलं खोटं नसतंच. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर कोलेस्टेरॉल फ्री, अहो कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत, शेंगदाण्यात ते होतं कधी? उद्या चिंचेवर 'हाडं नाहीत' छापा. आणि आपण घरी येऊन त्याच तेलात बिनधास्त दोन घाणे भजी जास्तीची काढतो, हृदयाला चांगलं ना मग.

तर हे सगळं ज्ञान मी तिथेच, रांगेत, आईला ऐकवलं. मागचे काका पण ऐकत होते.

आई म्हणाली, "साखर असते ते मला माहीत नव्हतं होय रे? त्याशिवाय तू दूध प्यायला असतास का?"

मी गप्प.

"आणि बरणी चांगली असते. झाकण घट्ट बसतं."