मामाची ग्रासहॉपर आणि ‘रि-री’चा वाद

रिमोटवर चालणाऱ्या जुन्या गाड्या जमवणाऱ्यांत एक भांडण कायम चालू असतं. कंपनीने तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं किट पुन्हा बाजारात आणलं, तर ते बरं की वाईट? अशा पुन्हा आलेल्या किटला ही मंडळी ‘रि-री’ म्हणतात. मला या भांडणात पडायचं काही कारण नव्हतं. मामाची ग्रासहॉपर, म्हणजे तामिया या जपानी कंपनीची बग्गी, चालू करायची, एवढंच मनात होतं. पण सुटे भाग शोधायला लागलं की रि-री टाळता येत नाही, आणि मग ज्याला त्याला मत द्यायचंच असतं. शेवटी माझंही एक तयार झालं.

मामा बोटीवर होता. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगहून त्याने ही गाडी दादासाठी आणली. जोडली मामाने, चालवली दादाने, आणि बिघडल्यावर उघडून बघायला मला मिळाली. पुढे ती नौपाड्यातल्या आमच्या माळ्यावर गेली. मूळ खोक्यासकट, हे महत्त्वाचं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा माळा रिकामा करताना पुन्हा हाती आली. रिमोटमध्ये सेल तसेच राहिलेले, त्यामुळे आत सगळा हिरवा गंज. टायरना चिरा. पुढच्या चाकाला धरणारा एक आर्म तुटलेला. गिअरबॉक्समधल्या ग्रीसची काकवी झालेली. बॉडी मात्र धड, ड्रायव्हरच्या डोक्यासह.

आधी ही नक्की कोणती, हे ठरवायचं होतं. मूळ ग्रासहॉपर १९८४ ची, किट क्रमांक ५८०४३. रि-री २००५ ची, क्रमांक ५८३४६. खोकं असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. खोकं नसेल तर प्लॅस्टिकवर कोरलेलं साल बघून उड्या मारू नका. रि-री बहुधा जुन्याच साच्यांतून निघतात, त्यामुळे नव्या भागावरही जुनं साल दिसू शकतं. स्टिकर जास्त बोलके असतात, कारण बऱ्याच रि-रींमध्ये प्रायोजकांचे काही लोगो बदललेत किंवा गेलेत. काही वेळा तर नावच वेगळं दिसतं. १९७९ ची रफ रायडर २००९ मध्ये परत आली ती ‘बग्गी चॅम्प’ म्हणून, पण जपानमध्ये तिचं नाव पहिल्यापासून तेच होतं. फॉक्स परतली ती ‘नोव्हाफॉक्स’ होऊन.

याच शोधात वाशीच्या एका काकांची ओळख झाली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने थेट वाशी, तिथून रिक्षा. काकांच्या घरी एका कपाटात नुसती खोकी. बहुतेक कधीच न उघडलेली. त्यांना रि-रीचा मनापासून राग आहे. सॅन्ड स्कॉर्चरचं उदाहरण त्यांनी तावातावाने दिलं. १९७९ ची गाडी, धातूच्या ओतीव भागांची, पुढचं सस्पेन्शन खऱ्या बीटलसारखं. लोकांनी वर्षानुवर्षं एकेक भाग शोधून ती पुरी केली, भारी किमती मोजल्या, आणि २०१० मध्ये कंपनीने तीच गाडी नव्या खोक्यात दुकानात मांडली. “म्हणजे आम्ही जे जपलं त्याचं काय?” असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुमचं खोकं अजून जुनंच आहे की. त्यावर ते हसले नाहीत.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सीलबंद किटची किंमत त्याच्या दुर्मिळपणात असते, आणि तीच गाडी दुकानात मिळायला लागली की नुसती चालवायला हवी असणारी गिऱ्हाईकं तिकडे वळतात. उरतात फक्त ‘मला १९७९ चंच हवं’ म्हणणारे. पण ते राहतातच, आणि खरा संग्राहक तोच ना? काकांचा तोटा झाला असेल तर तो गुंतवणूकदार म्हणून झाला, असं माझं मत. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. चहा चांगला होता.

घणसोलीचा एक मुलगा याच्या अगदी उलट टोकाचा. आयटीत आहे, रविवारी मोकळ्या प्लॉटवर गाड्या पळवतो. त्याच्याकडे हॉर्नेट, लंच बॉक्स आणि फ्रॉग, सगळ्या रि-री. त्याचीही तक्रार आहे, पण दुसरीच. रि-री अगदी जुन्यासारखी का करतात, चुका सुधारून का देत नाहीत? फ्रॉगमध्ये सुधारल्या, असं तोच सांगतो. १९८३ च्या मूळ फ्रॉगमध्ये मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची षटकोनी टोकं झिजून गोल व्हायची. रि-रीत ती रचना बदलली. काकांच्या लेखी हा भ्रष्टाचार, या मुलाच्या लेखी अक्कल आली. दोघांची गाठ मी अजून घालून दिलेली नाही.

आता भाग मागवण्याचं. जुने मूळ भाग परदेशात लिलावात मिळतात, पण चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक जुनं म्हणून महाग आणि जुनं म्हणूनच ठिसूळ. पैसे देऊन ठिसूळपणा विकत घेण्यात मला अर्थ वाटला नाही. रि-रीच्या भागांची पाकिटं सुटी मिळतात, ती टपालाने मागवली. कस्टम्समध्ये चौकशी होणार हे धरूनच चाला. मॉडेल किट म्हणजे खेळणं नव्हे, असं आपण कितीही म्हटलं तरी दरपत्रकात दोघांचा मथळा एकच, ९५०३. ‘चालती किंवा न चालती’ छोटी मॉडेल त्याच मथळ्यात येतात. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणपत्राची सक्ती आहे. माझ्याकडे बिल आणि ओळखपत्र मागितलं, ते दिलं, ड्यूटी भरली, पाकीट सुटलं. विक्रेत्याला बिलावर प्रत्येक भागाचा क्रमांक आणि किंमत नीट लिहायला सांगितलं होतं, त्याचा उपयोग झाला. नुसतं ‘टॉय पार्ट्स’ लिहून आलेलं पाकीट जास्त प्रश्न ओढवून घेतं.

रिमोट बाहेरून मागवू नका. रेडिओ उपकरण आयात करायचं म्हणजे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाची मंजुरी लागते, एका रिमोटसाठी कोण करणार ते. २.४ गिगाहर्ट्झचे साधे रिमोट-रिसीव्हर इथे मिळतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटला क्रिस्टल लागायचा आणि शेजाऱ्याकडे तोच क्रिस्टल असला की दोन्ही गाड्या एकमेकींच्या तालावर नाचायच्या. ती मजा गेली, जाऊ दे. बॅटरीही इथलीच घेतली, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड, सहा सेलची कांडी.

दादा सिंगापूरला असतो. त्याला कळल्यावर त्याने येताना एक पुरं रि-री किटच आणलं. “सुटे भाग कशाला गोळा करतेस, हे घे आणि ते जुनं शोकेसमध्ये ठेव.” तोडगा सोपा होता. मामाने मात्र एका वाक्यात निकाल दिला, “अगं, ही माझी कुठंय?” कोपरीच्या त्याच्या घरी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा नवीकडे त्याने बघितलंही नाही. त्यामुळे ठरलं ते असं: जुनी गाडीच चालवायची, नवं किट तिच्यासाठी मोडायचं. हे ऐकून वाशीचे काका पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. घणसोलीचा मुलगा कळवळला, कारण नवं किट मोडणं त्याला पाप वाटतं.

खोलताना स्क्रू-ड्रायव्हरकडे लक्ष द्या. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. जपानी स्क्रूची चौफुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला फिलिप्स तिच्यात नीट बसत नाही. जोर लावला की टोक वर सरकतं आणि स्क्रूचं डोकं खरवडून जातं. जांभळी नाक्यावर दुकानदाराने “सगळे सारखेच असतात ताई” म्हणत फिलिप्स पुढे केला. मी जपानी व्हेसलचा ऑनलाइन मागवला. जुने स्क्रू एकही डोकं न जाता निघाले. परत बसवताना आणखी एक गोष्ट. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडतात. पुन्हा लावताना आधी हलक्या हाताने उलटे फिरवायचे. कुठेतरी ‘टक्’ करून स्क्रू किंचित खाली बसतो. तो जुन्या आट्यात गेला. मग सुलटा आवळायचा. तसं केलं नाही तर दुसरे आटे पडतात, आणि दोन-तीनदा असं झालं की भोक मोकळंच.

गिअरबॉक्स रॉकेलऐवजी थिनरने धुवायचा मोह आवरा, प्लॅस्टिक मऊ पडतं. मी रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग जुना टूथब्रश असं केलं. दात शाबूत होते, म्हणून गिअर जुनेच ठेवले. बुशऐवजी ११ बाय ५ बाय ४ मिलिमीटरचे बेअरिंग घातले, ते इथे बेअरिंगवाल्याकडे मिळतात आणि तामियाच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतात. मोटर जुनीच, ३८० आकाराची. थेंबभर तेल पाजलं, चालू झाली.

मग चासीचा रंग. पांढरी चासी पिवळी पडली होती. पार्लरमध्ये केसांना लावतात ते १२ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं की पिवळेपणा निघतो. हातमोजे घाला, ते कातडीला लागलं की पांढरे चट्टे येतात आणि चुरचुरतं. गच्चीवर एप्रिलच्या उन्हात काम झपाट्याने होतं, सारखं फिरवत राहावं लागतं, नाहीतर ढगाळ पट्टे उठतात. काकांचं म्हणणं, पिवळेपणा हेच वयाचं प्रमाणपत्र, ते पुसू नये. शिवाय तो काही वर्षांनी परत येतो आणि प्लॅस्टिक आणखी सुकतं, असंही ते म्हणाले. मी मधला रस्ता काढला: चासी उजळली, बॉडीला हात लावला नाही. बॉडीवर मामाने कात्रीने कापून लावलेले मूळ स्टिकर आहेत, एक किंचित तिरका. ते क्रीममध्ये गेले असते.

वेगनियंत्रकावर मात्र मी अडले. मूळ गाडीत तो यांत्रिक. सर्वो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, एक दांडी ढकलतो, तांब्याची पट्टी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर घसरते, आणि कमी वेगात उरलेली वीज चिनीमातीच्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. रेझिस्टर एवढा तापतो की बोट लावलं की कळतं. तो जपावासा वाटत होता, पण तांबं खड्ड्यांनी भरलं होतं आणि पॉलिश करूनही मध्येच अडकायचा. अडकला म्हणजे गाडी थांबतच नाही. म्हणून रि-रीच्या खोक्यातला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लावला. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी लावायचा विचार असेल तर आधी बघा, या नियंत्रकात लिपोसाठीचा कटऑफ नाही. बॅटरी प्रमाणाबाहेर उतरून खराब होते. निकेलचीच बरी.

जे जुनं काढलं ते सगळं झिप पाऊचमध्ये. तुटका आर्म, टायर, यांत्रिक नियंत्रक, रेझिस्टर, गंजका रिमोटसुद्धा. प्रत्येक पाऊचवर काय, कुठून काढलं आणि त्या जागी आता काय बसवलंय हे मार्करने लिहिलं, आणि सगळी पाऊच मूळ खोक्यात ठेवली. रि-रीबद्दल माझं मत काय असेल तर ते इथे आहे. नवे भाग घालून जुनी गाडी चालवण्यात काहीही वावगं नाही. नवे भाग घालून ती ‘ऑल ओरिजिनल’ म्हणून विकण्यात आहे, आणि काकांचा खरा राग त्यावरच असायला हवा. त्यांनाही असले दोन-चार नमुने माहीत आहेत, ते सांगताना आवाज खाली येतो.

गाडी मामाच्या बिल्डिंगच्या आवारात चालवली. ग्रासहॉपरला धक्के जिरवणारे तेलाचे डॅम्पर नाहीत, नुसत्या स्प्रिंगा, शिवाय मागचा अख्खा गिअरबॉक्स मोटरसकट वरखाली होतो. पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक फटीवर ती टणाटण उडते. मामाने रिमोट घेतला आणि “हिला वळवायचं असेल तर आधी वेग सोडायचा” हे त्याच्या हातांना अजून आठवत होतं. वॉचमनचा पोरगा मागे धावत होता.

रि-रीची उरलेली बॉडी, चासी आणि गिअरबॉक्स घणसोलीच्या मुलाने घेतला. हॉर्नेटची जडणघडण जवळपास अशीच, फक्त मोटर ५४०, म्हणजे मोठ्या आकाराची. तो आता ग्रासहॉपरच्या बॉडीखाली ५४० घालतोय. हे मामाच्या कानावर गेलं. “मग ती आपल्यापेक्षा जोरात पळेल?” पळेल, मी म्हटलं. तेव्हापासून ५४० केवढ्याला पडते, हे त्याने मला तीनदा विचारलंय. मी सांगत नाहीये.