मेणाच्या एका ठोकळ्यासाठी ११ दिवस

शौचाच्या जागेभोवतीची खाज. कुणाला दाखवायची, या संकोचात पहिले काही महिने गेले. मग दीड वर्ष मलमं: आधी गजकर्णाचं, मग मूळव्याधीचं, मग स्टेरॉइडचं. चट्टा फिकट व्हायचा आणि पुन्हा पसरायचा. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला पॅजेट, म्हणजे कातडीत दिसणारा एक दुर्मीळ कॅन्सर; एरवी तो स्तनावर होतो, माझा स्तनाबाहेरचा. मलमाने महिना-दीड महिन्यात न बरा झालेला चट्टा असेल तर बायोप्सी मागून घ्याच.

मुंबईच्या कॅन्सर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "हा त्वचेतच सुरू झालाय की आतड्यातल्या कॅन्सरमधून आलाय, ते आधी कळायला हवं. त्यासाठी ब्लॉक आणा." ब्लॉक म्हणजे आपला तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो ठोकळा. त्याचे नवे काप काढून आयएचसी करतात, म्हणजे पेशी मूळच्या कुठल्या ते खास रंगद्रव्यांनी तपासतात.

माझी बायोप्सी जिथे झाली त्या लॅबने काचेच्या स्लाइड दिल्या, ब्लॉक नाही. "रुग्णालयाचं पत्र आणा." पत्र आणलं, तर त्यावर शिक्का नव्हता. शिक्का आणला, तर ब्लॉक देणाऱ्या मॅडम रजेवर. मग कळलं, ठोकळे दुसऱ्या इमारतीत ठेवलेत, शोधायला वेळ लागेल. ११ दिवस! मुलगा चार वेळा रजा काढून गेला. माझ्याच अंगातला तुकडा, आणि त्यासाठी मी दारात हात जोडून उभी. तो राग अजून गेलेला नाही. पाचव्या फेरीला मी रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर ठेवला आणि खुर्चीतून उठले नाही. तासाभरात ठोकळा हातात आला. तो नंबर पहिल्याच दिवशी लिहून न्या, आणि पत्रावर सही-शिक्का दोन्ही बघून घ्या.

आयएचसीत पेशींमधली दोन प्रथिनं बघितली: सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह. म्हणजे बहुधा त्वचेतलाच. तरी कोलोनोस्कोपी केलीच, ती स्वच्छ आली. तेव्हा मी रडले.

ऑपरेशनआधी चट्ट्याभोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचेही बरेच तुकडे तपासले, कारण हा आजार बऱ्याचदा दिसतो त्याच्याही पलीकडे पसरलेला असतो. मग सगळं कापून नितंबाची कातडी सरकवून बसवली. मला नीट बसता यायला तीन आठवडे लागले.

हो, राहिलंच: स्लाइड आणि ब्लॉक देताना पोचपावती घ्या, काम झाल्यावर परत मागा. हा आजार बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून माझा ठोकळा आता माझ्या कपाटात आहे. पुढची तपासणी जूनमध्ये.