टॉप विदेन्सचे पडके शेतघर: वाटेबद्दल आणि घराबद्दल

इंग्लंडच्या यॉर्कशरमधील हॉवर्थ गावातून टॉप विदेन्स या पडक्या शेतघराकडे जाणारी वाट म्हणजे ‘सोपी रपेट’ आहे, असे जे लिहिले आणि सांगितले जाते, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. जाऊन-येऊन सुमारे 11 किलोमीटर चालावे लागते. ब्राँटे धबधब्यापर्यंत काहीच अडचण नाही. खरा त्रास त्यापुढचा दगडी पूल ओलांडल्यावर सुरू होतो. जुना पूल 1989च्या पुरात वाहून गेला, त्या जागी उभारलेला हा नवा पूल. त्यानंतर अंगावर येणारा चढ लागतो आणि पाठोपाठ पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, वाळवून जळणासाठी वापरली जाणारी माती) काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन, जिथे पाऊल कुठवर रुतेल याचा अंदाज वरून येत नाही आणि मध्येमध्ये बसवलेल्या फरश्या पावसात शेवाळलेल्या घाटासारख्या निसरड्या होतात. पाऊस पडून गेला असेल तर या वाटेने जाऊच नये. त्याऐवजी शेजारच्या स्टॅनबरी गावाकडून येणारी पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची वाट धरावी, ती रुंद आणि टणक आहे. हॉवर्थहून स्टॅनबरीपर्यंत मात्र पायीच जावे, कारण तेवढ्याशा अंतरासाठी आमच्याकडून घेतलेले टॅक्सीचे भाडे निव्वळ लूट होती.

घराबद्दलची दिशाभूल याहून मोठी आहे. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबरीतील वाडा तो हाच, असे समजून लोक येतात, परंतु ब्राँटे भगिनींच्या साहित्याचा वारसा जपणाऱ्या ब्राँटे सोसायटीने 1964मध्ये भिंतीवर लावलेला फलकच सांगतो की ही वास्तू पूर्ण असतानाही कादंबरीतील घराशी तिचे साम्य नव्हते, फार तर जागा लेखिकेच्या मनात असावी. खरे तर हे स्थानिक वालुकाश्माचे लांबट, बुटके, कष्टकऱ्यांचे शेतघर होते, आणि मला ते तसेच मोलाचे वाटते. 18 मे 1893 रोजी वीज पडून भिंतींना भोके पडली, छप्पर अंशतः उडाले, सुमारे 30 खिडक्या जवळपास नाहीशा झाल्या आणि स्वयंपाकघरातील सुरीचे पाते वितळले. तरीही 1926पर्यंत येथे वस्ती होती. आज छप्पर नाही, केवळ भिंती उभ्या आहेत.

जुन्या दगडी घराची बांधणी समजून घ्यायची असेल, तर परतताना पेनाइन वेनेच पॉन्डेन हॉलपर्यंत उतरावे. दारावरील शिलालेखात त्या घराचा इतिहासच कोरला आहे: मूळ घर 1634चे, जुनी देवडी आणि पीट साठवण्याची कोठी 1686ची, पुनर्बांधणी 1801ची. घर खासगी आहे, त्यामुळे ते वाटेवरूनच पाहावे. मात्र त्यासाठी दिवसाचा उजेड हाताशी ठेवूनच वरून निघावे.