मोकळी ठेवून मोजलेली चौकट

केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा स्फटिक, पाण्यात विरघळतो, लगेच ओरखडतो आणि तापमान एकदम बदलले तर तडकतो. त्यामुळे पुण्याच्या जुलैमध्ये तो चौकटीत बसवायचा म्हणजे आधी दोन दिवस खोलीतला दमटपणा उतरवण्यातच जातात.

यावेळची पट्टी १०० मिलिमीटर चौरस आणि १० मिलिमीटर जाड होती. लेसरचा १०५३ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश तिच्यातून जाताना हिरवा, ५२७ नॅनोमीटरचा होतो. मात्र त्यासाठी स्फटिकाचा अक्ष किरणाशी नेमक्या कोनात असावा लागतो, आणि पट्टी वाकली की हा कोन जागोजागी बदलतो. आमच्याकडे पट्टीतून आरपार गेलेला प्रकाश तपासून समाधान मानण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. वाकलेल्या पट्टीचे दोन्ही पृष्ठभाग एकत्रच वाकतात, त्यामुळे आरपार तपासणीत वाक जवळजवळ लपून जातो. मी परावर्तित प्रकाशात पाहिले, तेव्हा एका कोपऱ्याकडे नऊ पट्टे, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या उजळ-काळ्या रेषा, वळलेले दिसले. हेलियम-निऑन लेसरवर एक पट्टा म्हणजे उंचीत सुमारे ०.३२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक, म्हणजे वाक जवळपास तीन मायक्रॉनचा होता.

सगळ्यांनी दोष स्फटिकाला दिला, कारण चौकटीसोबत सपाटपणाचे प्रमाणपत्र आले होते. आमचे जुने फिटर काका मात्र चौकट सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अगदी सपाट पाटावर, मोकळी ठेवून, उंचीतला बारीक फरक दाखवणारा डायल गेज फिरवत म्हणाले, "साहेब, पक्कड सुटली की ही उठते बघा." भोसरीच्या कारखान्यात तिला मशीनच्या टेबलावर क्लॅम्पने आवळून मोजले होते; आवळलेली चौकट सपाटच दिसणार. मोकळी केल्यावर ती अकरा मायक्रॉन पिळलेली निघाली. प्रमाणपत्राच्या कागदाला मोजमापापेक्षा जास्त मान देण्याची आमची सवय मला त्या दिवशी फार बोचली.

काकांनी ब्लू, म्हणजे उंच भागांवर डाग सोडणारा निळा रंग, लावून, उंच भाग शोधत, दीड दिवस हाताने लॅपिंग केले, म्हणजे ते भाग घासून सपाट केले. इतक्या धीराने काम करणारा माणूस आमच्या कुठल्याही पदनामात बसत नाही, ही मला प्रयोगशाळेची मोठी उणीव वाटते. त्यानंतर पट्टी पुन्हा बसवली, तेव्हा पट्टे जवळजवळ सरळ आले.

तरीही मन मागे जाते. गेल्या वर्षी अशाच एका चौकटीत पट्टीला कोपऱ्यापासून तडा गेला, तेव्हा 'स्फटिकातच दोष' असे पत्र पुरवठादाराला गेले आणि त्यावर सही माझी होती. ती चौकट अजून कपाटात आहे. सोमवारी ती मोकळी ठेवून मोजणार आहे.